मार्कअपसेफ: वेबपेजवरचा मजकूर झटपट आणि नीट एस्केप कसा करायचा, नवीन लोकांसाठी

सध्या दापोली-गुहागरपासून मालवण-तारकर्लीपर्यंत होमस्टेवाले, हापूसवाले, सुक्या मासळीवाले अशा सगळ्यांनाच स्वतःची वेबसाइट हवी असते आणि ती करून देणारी आपल्याकडचीच पोरंपोरी आहेत. बहुतेक जण पायथन आणि त्यात वेबसाइट बनवायचं फ्लास्क हे फ्रेमवर्क शिकून सुरुवात करतात. साइट उभी राहते, फोटो टाकून होतात, मग मालक म्हणतो की पाहुण्यांचे अभिप्राय पण दिसू देत. तिथून पुढे अनोळखी माणसाने टाइप केलेला मजकूर तुमच्या पानात यायला लागतो, आणि तो एस्केप केल्याशिवाय, म्हणजे त्यातली धोक्याची चिन्हं निरुपद्रवी कोडात बदलल्याशिवाय, दाखवायचा नसतो. ते काम करणारी मार्कअपसेफ नावाची छोटी लायब्ररी तुमच्या मशीनवर बहुधा आधीच आहे, फक्त ती कुठे चालते, कुठे चालत नाही आणि तिचा वेगवान भाग खरंच बसलाय की नाही हे कुणी सांगत नाही. मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून क्रमाने लिहितो.

काय काय लागेल

लॅपटॉप असला तर उत्तम, नसला तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (कमांड टाइप करायचं अ‍ॅप) टाकूनही जमतं. पायथन ३.९ किंवा पुढचं. प्रोजेक्टसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रोजेक्टच्या लायब्ररी वेगळ्या ठेवायची जागा), हे टाळू नका. नेट एकदाच लागेल. आणि टेस्टसाठी खरा मजकूर, म्हणजे मालकाकडचं मेनूकार्ड, पाच-सात अभिप्राय, होमस्टेचं नाव आणि टॅगलाइन.

१. आधी पाच चिन्हं ओळखून घ्या

एस्केप करायचं म्हणजे फक्त पाच चिन्हं बदलायची: अँपरसँड (&), लेस दॅन (<), ग्रेटर दॅन (>), डबल कोट (") आणि सिंगल कोट ('). ब्राउझरला लेस दॅन दिसलं आणि लगेच पुढे इंग्रजी अक्षर आलं की तो धरून चालतो की टॅग सुरू झाला. कुणी अभिप्रायात स्क्रिप्टचा टॅग लिहून पाठवला आणि तुम्ही तो तसाच छापलात, तर ती स्क्रिप्ट पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चालते, आणि त्यात मालक स्वतः लॉगिन करून बुकिंग बघत असेल तर त्याच्या नावाने काहीही करता येतं. म्हणून त्या चिन्हांच्या जागी कोड घालायचे, जे ब्राउझर नुसतं चिन्ह म्हणून दाखवतो. मार्कअपसेफ सिंगल कोटचं &#39; करतं आणि डबल कोटचं &#34; करतं, बाकी तिघांना इंग्रजी अक्षरांचे छोटे कोड आहेत.

देवनागरीला यात हात लावावा लागत नाही. काही जुन्या ट्युटोरियलमध्ये मराठी अक्षरांचे पण आकडे-कोड करून टाकतात, त्याची काही गरज नाही, पान यूटीएफ-८ मध्ये असलं की झालं.

डबल कोटचं महत्त्व लोकांना पटकन कळत नाही म्हणून एक उदाहरण. होमस्टेच्या फोटोला ऑल्ट मजकूर (फोटो न दिसल्यास दिसणारं वर्णन) द्यायचाय आणि मालकाने टॅगलाइन कोटासकट पाठवलीय: "येवा कोकण आपलाच असा". तुमच्या टॅगमध्ये ऑल्टमधला मजकूर आधीच डबल कोटात आहे, त्यात हे आलं की पहिल्याच कोटाला ऑल्ट संपतो आणि पुढचे येवा, कोकण वगैरे शब्द ब्राउझर वेगळे अ‍ॅट्रिब्यूट म्हणून वाचतो. इथे कुणी हल्ला केला नाही, मालकाने प्रेमाने टॅगलाइन पाठवली, तरी टॅग मोडला. आणि जो मुद्दाम मोडायला बसलाय त्याला हीच फट पुरते.

२. इन्स्टॉल करा, आणि पावसाळ्याची सोय करून ठेवा

फ्लास्क टाकलंत की त्याच्याबरोबर जिंजा, म्हणजे टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) मजकूर भरणारी लायब्ररी, येतं आणि जिंजाबरोबर मार्कअपसेफ येतंच. फ्लास्क नको असेल, नुसती एस्केप करायची सोय हवी असेल तर पिपने (पायथनच्या लायब्ररी इन्स्टॉल करायच्या टूलने) एकटं मार्कअपसेफ टाका, ते दुसऱ्या कुठल्याच लायब्ररीवर अवलंबून नाही.

जून-जुलैत आपल्याकडे लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, तेव्हा नेट चांगलं असेल त्या दिवशी पिप डाऊनलोड कमांडने सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. नंतर पिपला नो-इंडेक्स आणि फाइंड-लिंक्स हे दोन पर्याय देऊन त्या फोल्डरमधूनच इन्स्टॉल करता येतं, नेट लागत नाही. फक्त ज्या मशीनवर टाकायचं त्याच पायथन आवृत्तीच्या आणि त्याच ऑपरेटिंग सिस्टमच्या फाइल्स घ्या, विंडोजवर उतरवलेली फाइल लिनक्सवर चालणार नाही, आणि ती का चालत नाही हे पुढच्या पायरीत येईल.

३. वेगवान भाग बसलाय का ते तपासा (ही पायरी सगळे सोडतात)

मार्कअपसेफमध्ये एकच काम करणारे दोन भाग आहेत. एक साध्या पायथनमध्ये लिहिलेला, दुसरा सी भाषेत, आणि तो प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टमसाठी वेगळा बांधावा लागतो, म्हणून विंडोजची फाइल लिनक्सवर चालत नाही. पायथनवाला पाच चिन्हांसाठी पाच वेळा रिप्लेस चालवतो, म्हणजे मजकूर पुन्हा पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला जातो. सीवाला आधी एकदा चाळून नुसतं मोजतो की किती जागा वाढवावी लागेल. काहीच वाढवायचं नसेल तर तीच स्ट्रिंग परत देतो, नवीन बनवतच नाही. वाढवायचं असेल तर लागेल तेवढी जागा एकदाच घेऊन त्यात उतरवून काढतो. आपल्या साइटवरचा बहुतेक मजकूर, म्हणजे गावांची नावं, थाळीचे भाव, तारखा, यात ही पाच चिन्हं नसतातच, त्यामुळे खरा फायदा तिथेच मिळतो.

आता गोम अशी की सीवाला भाग बनवताना काही अडलं तर इन्स्टॉल थांबत नाही, एक वॉर्निंग येते आणि गुपचूप पायथनवाला भाग घेतला जातो. साइट चालते, उत्तरं बरोबर येतात, फक्त वेग गेलेला असतो आणि तुम्हाला पत्ता नसतो. तपासायचं सोपं आहे: पायथनचं शेल उघडा आणि मार्कअपसेफ, डॉट, अंडरस्कोर लावून स्पीडअप्स, हे मॉड्यूल इम्पोर्ट करून बघा (सगळं लहान लिपीत). काही न बोलता इम्पोर्ट झालं तर सीवाला भाग आहे. एरर आली तर नाही.

एरर आली तर कारण बहुधा दोनांतलं एक असतं. पहिलं, पायथनची अगदी ताजी आवृत्ती आहे आणि तिच्यासाठी तयार बांधलेली फाइल, जिला व्हील म्हणतात, ती तुमच्या मार्कअपसेफच्या आवृत्तीत नाही. पिपने मग सोर्स उतरवून मशीनवर बांधायचा प्रयत्न केला आणि सी कम्पायलर नव्हता. अशा वेळी कम्पायलरच्या मागे धावण्याआधी पिप अपडेट करा, मार्कअपसेफची नवी आवृत्ती घ्या, बरेचदा तेवढ्यानेच सुटतं. दुसरं, तुम्ही टर्मक्सवर आहात. तिथे लिनक्सची तयार व्हील्स चालत नाहीत, सोर्समधूनच बांधावं लागतं, तेव्हा आधी क्लँग हा सी कम्पायलर टाका आणि मग मार्कअपसेफ कॅशे न वापरता पुन्हा इन्स्टॉल करा, नाहीतर पिप आधी बांधून ठेवलेलं तेच परत देतं.

४. टेम्प्लेटमध्ये ऑटोएस्केप चालू आहे ना

फ्लास्कमध्ये टेम्प्लेटच्या फाइलचं एक्स्टेन्शन एचटीएमएल असलं की दुहेरी महिरपी कंसात लिहिलेली प्रत्येक गोष्ट आपोआप मार्कअपसेफमधून जाते. एचटीएम, एक्सएमएल, एक्सएचटीएमएल यांनाही चालतं. पण कुणी हौसेने फाइलला जिंजा असं एक्स्टेन्शन दिलं तर ऑटोएस्केप बंद होतं आणि कुठेही एरर येत नाही. आणि फ्लास्क न घेता नुसतं जिंजा वापरत असाल, समजा आंब्याच्या ऑर्डरचं बिल एचटीएमएलमध्ये बनवायला, तर तिथे ऑटोएस्केप मुळातच बंद असतं. एन्व्हायर्नमेंट बनवताना ऑटोएस्केप ट्रू स्वतः लिहायचं.

अ‍ॅट्रिब्यूटला नेहमी कोट घाला. इनपुटच्या व्हॅल्यूला कोट न घालता थेट कंस लावलेत तर एस्केप होऊनही उपयोग नाही, कारण स्पेस हे त्या पाच चिन्हांत नाही आणि कोट नसलेलं अ‍ॅट्रिब्यूट पहिल्या स्पेसलाच संपतं.

आणि सेफ फिल्टर. यूट्यूबवर कुणीतरी सांगतं की अँपरसँड विचित्र दिसतोय तर सेफ लावा, आणि पोरं लावतात. सेफ लावणं म्हणजे जिंजाला सांगणं की हा मजकूर मी तपासलाय, याला हात लावू नकोस. पाहुण्याने लिहिलेल्या मजकुराला तो कधीही लावू नका, कधीही म्हणजे कधीही. अँपरसँड विचित्र दिसतोय त्याचं खरं कारण सहाव्या पायरीत आहे.

५. कोडमध्येच एचटीएमएल बनवायचं असेल तर

लायब्ररीत दोन नावं महत्त्वाची. एस्केप हे फंक्शन, ते मजकूर घेतं आणि सुरक्षित करून देतं. आणि मार्कअप हा क्लास, तो फक्त शिक्का मारतो की हे आधीच सुरक्षित आहे. नवीन माणूस मार्कअपला एस्केप समजतो आणि युजरचा मजकूर थेट त्यात टाकतो, तिथेच सगळं मुसळ केरात जातं.

मार्कअपची खरी मजा अशी की ती साध्या स्ट्रिंगसारखीच वागते पण तिच्यात बाहेरून काही मिसळलं की ते एस्केप करून घेते. म्हणून साचा मार्कअपमध्ये ठेवा, जागा मोकळी सोडा आणि फॉरमॅट मेथडने नाव भरा, नाव आपोआप एस्केप होतं. पण तेच तुम्ही एफ-स्ट्रिंगने (कोटाच्या आधी एफ लावलेल्या स्ट्रिंगने) आधी जोडून मग मार्कअपमध्ये टाकलंत तर मार्कअपच्या हातात पोचेपर्यंत सगळं एकजीव झालेलं असतं, तिला कळणार कसं की यातलं तुमचं कुठलं आणि पाहुण्याचं कुठलं. दिसायला दोन्ही ओळी सारख्याच दिसतात म्हणून कोड तपासताना मार्कअपच्या कंसाच्या लगेच पुढे एफ आहे का एवढं शोधत जा.

एक प्रसंग सगळ्यांना येतो तो जरा सविस्तर सांगतो. पाहुणा अभिप्राय चार ओळींत लिहितो:

खोली स्वच्छ होती
कोंबडी-वडे & सोलकढी एक नंबर
समुद्र < ५ मिनिटं चालत
परत नक्की येणार

पानावर या चारही ओळी एकाच ओळीत सलग येतात, कारण एचटीएमएलला एंटरशी घेणंदेणं नाही. मग आपण ठरवतो की प्रत्येक एंटरच्या जागी बीआर (नवीन ओळ सुरू करणारा) टॅग घालू. आधी बीआर घालून मग एस्केप केलं तर पानावर बीआरची अक्षरंच दिसतात, एस्केप काढून टाकलं तर दार सताड उघडं. बरोबर क्रम असा: आधी अख्खा मजकूर एस्केपमधून काढायचा, त्यातून जे मिळतं ती मार्कअप असते, आणि तिच्यावर रिप्लेस चालवून एंटरच्या जागी बीआर द्यायचा, पण तो बीआरसुद्धा मार्कअपमध्ये गुंडाळून द्यायचा. नुसती साधी स्ट्रिंग म्हणून दिलात तर मार्कअप त्यालाही बाहेरचा समजून एस्केप करते, आणि तिचं काही चुकत नाही. हे एक छोटं फंक्शन करून जिंजाचा फिल्टर म्हणून लावून ठेवा, प्रत्येक साइटला उपयोगी पडतं. एवढंही नको असेल तर सीएसएसमध्ये त्या परिच्छेदाच्या व्हाइट-स्पेसला प्री-लाइन द्या, ओळी जशाच्या तशा दिसतात आणि पायथनला हातही लावावा लागत नाही. माझं मत विचाराल तर आधी सीएसएसवालाच पर्याय बघा.

पाहुण्याने गाव लिहिलंच नसेल आणि डेटाबेसमधून नन (पायथनमधलं 'काहीच नाही') आलं तर एस्केप इंग्रजीत नन असंच छापतं. त्यासाठी लायब्ररीत एस्केप सायलेंट आहे, ते रिकामी स्ट्रिंग देतं.

६. डेटाबेसमध्ये कच्चं ठेवा, एस्केप बाहेर पडताना करा

पाहुण्याने जे लिहिलं ते तसंच साठवा. खूप जण सेव्ह करतानाच एस्केप करतात, म्हणजे दोनदा सुरक्षित असा विचार करून, आणि मग पान दाखवताना जिंजा पुन्हा एस्केप करतं. पहिल्या वेळी अँपरसँडचा कोड झाला, दुसऱ्या वेळी त्या कोडातल्या अँपरसँडचा पुन्हा कोड झाला, आणि पाहुण्याला मेनूत कोंबडी-वडे आणि सोलकढीच्या मध्ये ए, एम, पी आणि सेमीकोलन दिसतं. मेमरीत असेपर्यंत मार्कअप असं होऊ देत नाही, कारण शिक्का असलेल्या मजकुराला एस्केप पुन्हा हात लावत नाही, पण डेटाबेसमध्ये गेलं की शिक्का पुसला जातो, परत येते ती साधी स्ट्रिंग.

शिवाय तोच मजकूर उद्या तुम्ही मालकाला एसएमएसने पाठवाल, एक्सेलमध्ये काढून द्याल. तिथे हे कोड कशाला हवेत?

जुन्या साइटचा डेटा आधीच असा बिघडलेला असेल तर मार्कअपच्या अनएस्केप मेथडने तो एकदा सरळ करून घ्या, बॅकअप काढून मगच.

७. जिथे एस्केप पुरत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर करा हे बटण आपल्याकडे प्रत्येक आंबेवाल्याला हवं असतं. त्या लिंकमध्ये मेसेजचा मजकूर जातो आणि तिथे नियम वेगळे, तिथे स्पेस, अँपरसँड, देवनागरी अक्षरं सगळं टक्केवाल्या कोडात जायला हवं. जिंजाचा यूआरएल-एन्कोड फिल्टर लावा. नुसत्या एस्केपवर सोडलंत तर "२ पेटी हापूस & १ पेटी पायरी" यातली पायरी गळून पडते, ऑर्डर अर्धीच पोचते.

पाहुण्याने स्वतःच्या वेबसाइटची लिंक दिली आणि तुम्ही ती एचरेफमध्ये टाकली, तर ती जावास्क्रिप्ट आणि कोलनने सुरू होणारी असू शकते. त्यात पाचांतलं एकही चिन्ह नसलं तरी ती धोकादायक असते. सुरुवात एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसने होते का ते स्वतः तपासा, नसेल तर लिंकच दाखवू नका.

स्क्रिप्टच्या टॅगमध्ये मजकूर न्यायचा, उदाहरणार्थ नकाशावर होमस्टेचं नाव दाखवायला, तर जिंजाचा टूजेसन फिल्टर लावा, तो मजकूर जावास्क्रिप्टला चालेल असा करून देतो. नकाशासाठी लीफलेट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर अजून एक पायरी लागते, कारण त्याचा पॉपअप दिलेला मजकूर एचटीएमएल म्हणून घेतो. तिथे आधी एस्केप आणि मग टूजेसन, याच क्रमाने.

आणि पाहुण्यांना ठळक, तिरकं असं थोडं फॉरमॅटिंग करू द्यायचं असेल तर ते या लायब्ररीचं काम नाही, त्यासाठी एनएच३ सारखी सॅनिटायझर (नको ते टॅग काढून टाकणारी) लायब्ररी घ्या. मार्कअपमध्ये स्ट्रिपटॅग्ज नावाची मेथड दिसेल, तिचा वापर यासाठी करू नका.

८. टेस्ट करताना इंग्रजी अक्षर वापरा

हे मराठीत काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम. ब्राउझर टॅग तेव्हाच सुरू करतो जेव्हा लेस दॅनच्या लगेच पुढे इंग्रजी अक्षर असतं. देवनागरी अक्षर, आकडा किंवा स्पेस असेल तर तो ते चिन्ह नुसतं छापून मोकळा होतो. म्हणून तुम्ही फॉर्ममध्ये <आंबा> असं टाकून बघितलंत तर ते एस्केप न करताही पानावर व्यवस्थित दिसतं, आणि तुम्ही म्हणता की झालं, सगळं ठीक आहे. वरच्या अभिप्रायातली "< ५ मिनिटं" ही ओळ पण अशीच सुखरूप दिसली असती.

फोनच्या कीबोर्डचं पण तसंच. काही फोनवर कोट टाइप केला की तो वळणदार कोट होतो, आणि तो त्या पाच चिन्हांत नाही, त्याने काही मोडत नाही. टेस्ट लॅपटॉपवरून करा, सरळ कोट टाका.

एक निरुपद्रवी टेस्ट सांगतो: अभिप्रायात लेस दॅन, इंग्रजी बी, ग्रेटर दॅन आणि पुढे कोणताही मराठी शब्द लिहा. शब्द ठळक दिसला तर एस्केप होत नाहीये. चिन्हांसकट जसं टाइप केलं तसं दिसलं तर होतंय. हीच टेस्ट नाव, गाव, अभिप्राय, शोधाची चौकट अशा प्रत्येक ठिकाणी वेगवेगळी करा, एकीकडे होतंय म्हणून दुसरीकडे होतंय असं धरू नका. शोधाची चौकट लोक हमखास विसरतात, "अमुकसाठी काही सापडलं नाही" या ओळीतला अमुक बाहेरूनच आलेला असतो.

ऑटोमॅटिक टेस्ट लिहीत असाल तर पायथनच्या स्वतःच्या एचटीएमएल मॉड्यूलमधल्या एस्केपशी तुलना करू नका, दोन्ही कोटांसाठी ते वेगळे कोड वापरतं. ब्राउझरला फरक पडत नाही, टेस्ट मात्र उगाच नापास होते.

९. वेग मोजायचाच असेल तर

एका पानाच्या साइटला मोजायची गरज नाही. पण तीनशे ओळींचा आणि प्रत्येक ओळीत आठ-दहा रकान्यांचा बुकिंगचा तक्ता असेल तर एका पानामागे हजारो वेळा एस्केप चालतो, तिथे मोजा. पायथनमधलं टाइमइट मॉड्यूल घ्या आणि तीन प्रकारचा मजकूर वेगवेगळा मोजा: पाच चिन्हांपैकी एकही नसलेलं मराठी, अँपरसँडवाला मेनू, आणि इमोजी भरलेला अभिप्राय. तीन वेगळे अशासाठी की पायथन ३.३ पासून स्ट्रिंग मेमरीत तिच्यातल्या सगळ्यात मोठ्या अक्षराच्या मापाने ठेवली जाते. साधं इंग्रजी एका बाइटला एक अक्षर, देवनागरीला दोन बाइट, आणि एक जरी इमोजी आला तरी अख्खी स्ट्रिंग चार बाइटची होते. मार्कअपसेफच्या सीवाल्या भागात या तिन्ही मापांसाठी वेगवेगळा कोड आहे, म्हणून फक्त इंग्रजीवर काढलेले आकडे आपल्या साइटला लागू पडतीलच असं नाही.

१०. जुनं प्रोजेक्ट हातात आलं तर, आणि सर्व्हरवर चढवताना

दोन एरर वारंवार भेटतात. एक, सॉफ्ट युनिकोड नावाची गोष्ट मार्कअपसेफमधून इम्पोर्ट होत नाही अशी. ती मार्कअपसेफच्या २.१ आवृत्तीत, २०२२ साली काढून टाकली आणि जुनं जिंजा ती मागतं. खरा उपाय जिंजा ३ वर जाणं. आजच्या आज साइट उभी करायचीय तर मार्कअपसेफची २.०.१ हीच आवृत्ती पक्की करून ठेवा, पण ते तात्पुरतंच. दुसरी, फ्लास्कमधून एस्केप किंवा मार्कअप इम्पोर्ट होत नाही अशी. फ्लास्क ३ पासून ती वाट बंद झाली, दोन्ही नावं थेट मार्कअपसेफमधून घ्या, बाकी कोड तसाच राहतो.

रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये आवृत्त्या लिहून ठेवा म्हणजे सर्व्हरवरही तेच उतरेल. आणि सर्व्हरवर चढवल्यावर तिसऱ्या पायरीतली इम्पोर्टची तपासणी आणि आठव्या पायरीतली ठळक शब्दाची टेस्ट तिथे पुन्हा करा, कारण तिथलं पायथन तुमच्या लॅपटॉपवरच्या पायथनपेक्षा वेगळं असू शकतं. टेस्टचा अभिप्राय मालकाने बघायच्या आत काढून टाका.